वकील नावाचे डॉक्टर आणि डोपामाइनची गोष्ट

तुमच्या फीडवर सध्या कुणीतरी 'डोपामाइन डिटॉक्स' करतच असेल. म्हणजे काय, तर फोन बॅगेत टाकून दोन दिवस अलिबागला जायचं आणि परत आल्यावर त्याची रील टाकायची. यात मेंदूतल्या डोपामाइनला काही होत नाही. पण ते डोपामाइन खरोखरच रिकामं करणारं एक औषध होतं. पन्नासच्या दशकात जगभरचे पेशंट ते रोज गोळीसारखं घेत होते, आणि गंमत म्हणजे ते घेणाऱ्यांना, देणाऱ्यांना, कुणालाच डोपामाइनचं काम काय हे माहीत नव्हतं. हे औषध ज्या मुळापासून निघालं, ते मूळ जगासमोर नीट मांडणारे डॉक्टर आपल्या परळचे होते. डॉ. रुस्तम जाल वकील. आडनाव वकील, पेशा डॉक्टरकीचा आणि काम जवळपास हिशेबनीसाचं!

वकील यांचा जन्म १९११ चा, पारशी कुटुंबातला. डॉक्टरकी ते लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये शिकले. मनात आणलं असतं तर तिथेच राहता आलं असतं. पण दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच ते मुंबईत परतले आणि पुढे केईएममध्ये ऑनररी म्हणून रुजू झाले. ऑनररी म्हणजे पोटापाण्यासाठी स्वतःची प्रॅक्टिस आणि हॉस्पिटलमधलं काम मानद. केईएम आणि त्याला जोडलेलं जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं, तेच मुळी एका अटीवर. देणगीदारांचं म्हणणं होतं की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. गिरणगावाच्या मधोमध उभं असलेलं, महापालिकेचं हे हॉस्पिटल. गर्दी तेव्हाही होती, आजही आहे.

त्या काळात हाय बीपीवर उपाय काय होता? खरं सांगायचं तर जवळपास काहीच नाही. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेची गोळी घ्या. काही ठिकाणी पाठीतल्या नसा कापण्याचं मोठं ऑपरेशन करत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचं बीपी कित्येक महिने भयंकर वाढलेलं होतं आणि सगळ्यात ताकदवान देशाचे डॉक्टर ते नुसतं मोजत बसले होते. अध्यक्षाची ही अवस्था, मग लालबागच्या चाळीतल्या माणसाचं काय?

आपल्याकडे मात्र एक झुडूप होतं. सर्पगंधा. सह्याद्रीतही सापडतं. साप चावल्यावर, झोप येत नसेल तर आणि वेड लागलेल्या माणसाला शांत करायला त्याचं मूळ शेकडो वर्षं दिलं जायचं. बिहारमध्ये तर रडणाऱ्या बाळांना झोपवायलाही ते देत असत. (त्याचं शास्त्रीय नाव 'राउवोल्फिया' हे राउवोल्फ नावाच्या जर्मन डॉक्टरवरून पडलंय, जो भारतात कधी आलाच नाही!) १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की हे मूळ वेडावर चालतं आणि बीपीही उतरवतं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी त्यातली रसायनं वेगळी काढली. त्यामुळे शोधाचं श्रेय वकील यांना देता येत नाही, आणि द्यायची गरजही नाही.

मग त्यांनी केलं काय? मोजलं. मला विचाराल तर हाच या गोष्टीतला सगळ्यात कमी फिल्मी आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपल्याकडे दोन प्रकारची माणसं तेव्हाही होती. एक म्हणणारी की पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, तपासायचं कशाला. दुसरी म्हणणारी की जडीबुटी आहे ना, मग तपासायचं कशाला. वकील या दोघांच्याही वाटेला गेले नाहीत. दहा वर्षं ते हे मूळ पेशंटना देत राहिले आणि नोंदी ठेवत राहिले. त्यातून ५० जणांची व्यवस्थित तपासणी त्यांनी मांडली. औषधाआधी वरचं आणि खालचं बीपी किती, चार आठवड्यांनी किती, औषध थांबवल्यावर किती दिवस खाली राहतं, त्रास काय काय होतो. बहुतेकांचं बीपी उतरलं होतं. आजच्या मानाने हा अभ्यास लहान वाटेल. पण तो त्यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'कडे पाठवला आणि १९४९ मध्ये तो छापून आला.

त्यानंतर चक्रं फिरली ती थेट परदेशात. बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून मुळाच्या गोळ्या मागवल्या आणि आपल्या पेशंटवर वापरल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळातला मुख्य घटक वेगळा काढला. नाव दिलं रेसर्पिन. न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी तो स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना दिला आणि वर्षानुवर्षं आरडाओरडा चाललेले वॉर्ड शांत होऊ लागले.

पण ही शांतता जरा जास्तच होती. रेसर्पिन घेणाऱ्या काहींचे हात थरथरू लागले, चाल आखडली, चेहऱ्यावरचे भाव गेले. हुबेहूब पार्किन्सनसारखं. गोळी बंद केली की हळूहळू सगळं ठीक. काहींना खोल नैराश्य आल्याचंही डॉक्टरांनी नोंदवलं (त्या दुव्यावर पुढे बरेच वाद झाले). म्हणजे बीपी उतरवणारी गोळी मेंदूतलंही काहीतरी काढून घेत होती. काय?

उत्तर स्वीडनमधल्या सशांनी दिलं. १९५७ मध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे कान पाडून पुतळ्यासारखे बसले. मग कार्लसन यांनी त्यांना एल-डोपा दिलं, ज्याचं शरीरात डोपामाइन होतं. थोड्याच वेळात ससे उठून पुन्हा इकडेतिकडे पळायला लागले. तोवर डोपामाइन म्हणजे दुसरी रसायनं बनवतानाची मधली पायरी, एवढंच समजलं जायचं. आता कळलं की ते स्वतःच मेंदूतला निरोप्या आहे आणि हालचालीसाठी ते लागतंच.

रेसर्पिन करतं काय, तर मज्जातंतूंच्या टोकाला बारीक पिशव्या असतात, त्यात हे निरोपे साठवलेले असतात. रेसर्पिन त्या पिशव्यांत माल भरण्याचं दारच बंद करतं. बाहेर राहिलेला माल पेशी मोडून टाकते. रक्तवाहिन्यांजवळच्या पिशव्या रिकाम्या झाल्या की बीपी उतरतं, मेंदूतल्या रिकाम्या झाल्या की माणूस आखडतो. १९६० मध्ये व्हिएन्नात मृत पार्किन्सन पेशंटच्या मेंदूत डोपामाइन खरंच कमी असल्याचं दिसलं. पुढे एल-डोपा हे त्यावरचं औषध झालं आणि आजही तेच मुख्य आहे. आपल्या खाजकुहिलीच्या बियांतही ते असतं. दादरच्या झंडूने त्या बियांची पावडर पार्किन्सनसाठी बाजारात आणली, ती याच धाग्याने. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आणि १९५७ हेच वर्ष वकील यांचंही होतं. त्या वर्षी अमेरिकेतलं मानाचं लास्कर पारितोषिक सहा जणांना मिळून दिलं गेलं. वकील यांना सर्पगंधेसाठी, क्लाइन आणि नोस यांना रेसर्पिनसाठी, लाबोरी, डेनिकर आणि लेमन यांना क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या दुसऱ्या औषधासाठी. आज माहीत आहे की ही दोन्ही औषधं डोपामाइनवरच काम करतात. एक ते रिकामं करतं, दुसरं त्याची वाट अडवतं. पारितोषिक घेताना मात्र सहाही जणांना याचा पत्ता नव्हता. ससे नुकतेच उठून बसले होते.

पुढच्या वर्षी पद्मभूषण, १९६५ मध्ये भटनागर पारितोषिक. वकील शिकवत राहिले, लिहीत राहिले. एमबीबीएसच्या कुठल्याही मित्राला 'गोलवाला' हे पुस्तक माहीत आहे का विचारा. पेशंट कसा तपासायचा यावरचं ते पुस्तक वकील आणि गोलवाला या दोघांचं होतं. वैद्यकाच्या इतिहासावरही त्यांनी रंजक निबंध लिहिले. २० नोव्हेंबर १९७४ ला ते गेले.

तोवर बीपीसाठी कमी त्रासाची औषधं आली होती आणि रेसर्पिनची मागणी ओसरत चालली होती. पण ते पूर्ण संपलं नाही. पार्किन्सनवरचं नवं औषध तपासायचं असतं, तेव्हा आजही काही लॅबमध्ये आधी उंदराला रेसर्पिन टोचतात, तो आखडून बसला की नवं औषध देतात आणि घड्याळाकडे बघत तो उठतो का याची वाट पाहतात.