नाव विकले, काम सोडले नाही

इलेक्ट्रिक गिटारचा नाद जगभर पोहोचविणारे लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेल्या फेंडर यांनी बालपणीच एक डोळा गमावला. मंदीत हिशेबनिसाची नोकरी गेल्यावर १९३८ मध्ये त्यांनी फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. वादकांच्या तक्रारी ऐकत त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर घडविले. त्यांच्या ‘बासमन’च्या आराखड्यावरूनच १९६०च्या दशकारंभी लंडनमध्ये पहिला मार्शल अ‍ॅम्प्लिफायर साकारला. प्रकृती ढासळल्याने १९६५ मध्ये त्यांनी कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकली आणि स्वतःचेच नाव परके झाले. प्रकृती सुधारताच ते पुन्हा कामाला लागले, ते १९९१ मधील निधनापर्यंत. जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे कारागीर आजही त्यांचेच आराखडे समोर ठेवतात.