बालकवींचा पारवा



बालकवी म्हटले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला श्रावण आठवतो. त्याच कवीने पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर एकटाच घुमणारा पारवाही लिहिला.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशात धरणगावी झाला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यांना 'बालकवी' ही पदवी दिली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्यांना अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आपल्या घरी ठेवून घेतले. टिळकांनी १८९५ मध्येच बाप्तिस्मा घेतला होता. ठोंबरे हिंदूच राहिले, आणि त्या घरातली माया त्यामुळे कमी झाली नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त हा लहरी, लाडका मुलगा भेटतो.

आता तो पारवा. पारवा म्हणजे खुद्द कवी, असे सोपे उत्तर सहसा दिले जाते. मला ते पटत नाही. कवी त्या पक्ष्याला स्वतःपासून वेगळा ठेवतो. पाखरू दुःखाच्या झोपेत गेले आहे आणि त्याचे जगही त्याच्यासोबत निजले आहे. कवीच्या जगात मात्र उष्ण वारे वाहत आहेत, त्याचे पाखराला भानही नाही. बुद्धाचे नावही तेथे येते. म्हणजे एक दुःख निवलेले आणि दुसरे अजून पोळणारे. कवीला पारव्याचा हेवा वाटतो की त्याची कीव येते? तो सांगत नाही. कवितेचे खरे गूढ येथे आहे, पडक्या भिंतीत नाही.

कबुतर म्हटले की आपल्याला पवित्र आत्मा आठवतो, नोहाकडे जैतुनाचे पान घेऊन आलेले पाखरू आठवते. पण यशयाच्या ग्रंथात मरणाच्या दारातून परतलेला हिज्कीया राजा आपले कण्हणे पारव्याच्या घुमण्यासारखे होते असे सांगतो. बालकवींचा पारवा तेथून आला असे माझे म्हणणे नाही. तोच आवाज दोघांनाही विव्हळल्यासारखा ऐकू आला, एवढेच.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनापाशी रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. वय अवघे २७. हा शेवट ठाऊक असल्यामुळे अनेकजण पारव्याच्या घुमण्यात त्याची चाहूल शोधतात. लिहिणाऱ्याला ती तारीख ठाऊक नव्हती. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. दोघांच्याही आठवणी लिहायला लक्ष्मीबाई मागे राहिल्या.