आरशात दिसलेला स्पेन

आमच्या इथे माद्रिदला, सोल चौकाजवळ एक अरुंद गल्ली आहे. तिथे एका दुकानाबाहेर अंतर्गोल आरसे असायचे; जाणारे-येणारे आपलं वेडंवाकडं ध्यान बघून हसायचे. रामोन देल वाये-इंक्लान यांनी त्यातून अख्खी नाट्यशैली काढली.

१८६६ साली गालिसियात जन्म. तरुणपणी मेक्सिको बघून आले. १८९९ मध्ये कॅफेतल्या भांडणापायी डावा हात गेला (आणि त्याच्या दंतकथाच जास्त झाल्या!). सुरुवातीचं लेखन नटवं, सरदार आणि प्रणय यांचं. पण देशात क्युबा हातची गेलेली, मोरोक्कोत पोरं मरत होती, बार्सिलोनात कामगारांवर गोळ्या. हे सगळं भारदस्त भाषेत सांगणं त्यांना खोटं वाटू लागलं असावं. १९२० च्या 'लुसेस दे बोएमिया'त आंधळा, कफल्लक कवी रात्रभर माद्रिद भटकतो आणि पहाटे दारातच मरतो. मंत्री, पोलीस सगळे बाहुल्यांसारखे. बोली थेट रस्त्यावरची. या शैलीचं नाव 'एस्पेर्पेंतो'. १९२४ मध्ये त्यांनी तीन प्रसंग वाढवले. त्यात गोळी लागलेलं तान्हं पोर घेऊन बसलेली आई आहे, कोठडीतून नेऊन मारलेला कामगार आहे. तिथे मात्र हसू येत नाही.

पुढे हुकूमशाहीने त्यांचं एक नाटक जप्त केलं, त्यांना तुरुंगातही टाकलं. जानेवारी १९३६ मध्ये ते वारले. 'लुसेस' स्पेनच्या रंगमंचावर यायला १९७० उजाडलं.