मंडालेहून परतताना

मैत्रिणींनो, लोकमान्य टिळक म्हटलं की आपल्याला शेंगांची टरफलं आठवतात. एक ऑगस्टला पाठ केलेलं भाषण बाईंसमोर धडाधड म्हणायचं, की संपले टिळक! परवा लेकीला भाषण लिहून देत होते, तर तिनं मधेच विचारलं, ते तुरुंगात गेल्यावर घरी कोण होतं गं? मी लिहायची थांबलेच.

घरी सत्यभामाबाई होत्या. माहेरची कोकणातली तापी, १८७१ साली लग्न होऊन आली. नवऱ्यानं १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू करून सरकारशी उभा दावा मांडला. १८८२ मध्ये बदनामीच्या खटल्यात आगरकरांबरोबर डोंगरीचा तुरुंग, १८९७ मध्ये राजद्रोहासाठी दीड वर्षाची सजा. त्यात थोरला मुलगा, विश्वनाथ, प्लेगात गेला.

मग आलं १९०८. ‘केसरी’तल्या लेखांवरून पुन्हा राजद्रोहाचा खटला. ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. निकालही सात विरुद्ध दोन असाच. २२ जुलैला रात्री न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, वर्षाला एक दिवस!

ब्रह्मदेशातल्या मंडालेत, मधुमेह सांभाळत, त्यांनी पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहिलं. इकडे ७ जून १९१२ ला सत्यभामाबाई गेल्या. चाळीस वर्षांच्या संसाराची साथीदार गेली, हे त्यांना हजारो मैलांवर तारेनं कळलं.

एक गोष्ट मात्र मला पचत नाही, ती लेकीपासून लपवलीही नाही. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षं करणाऱ्या कायद्याला टिळकांनी जोरात विरोध केला. परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा घालू नये, हा त्यांचा मुद्दा. पण त्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरीनं तोवर काय करायचं? एवढा मोठा माणूस, इथे कसा चुकला, असं वाटत राहतं. लेक म्हणाली, हेही भाषणात घालू या. घातलं!

पुढे १९१६ मध्ये होमरूल लीग, लखनौ करार, मग १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत शेवट. त्या वेळी लोटलेल्या गर्दीबद्दल आपण वाचलेलं असतं. मला मात्र जून १९१४ मधली ती मध्यरात्र दिसत राहते. गाजावाजा नको म्हणून सरकारनं त्यांना गुपचूप पुण्याला आणून गायकवाड वाड्याशी सोडलं. सहा वर्षांनी ते घरी आले, तेव्हा सत्यभामाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.