गिटारचे साधक : फ्रान्सिस्को तारेगा

स्पेन देशाच्या पूर्व किनाऱ्यालगत व्हिलारेआल नावाचे गाव आहे. तेथे २१ नोव्हेंबर १८५२ रोजी फ्रान्सिस्को तारेगा यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. फ्रान्सिस्को अगदी लहान असताना, त्याला सांभाळणाऱ्या बाईपासून पळता पळता एका पाटात पडला. जीव वाचला, पण डोळ्यांना कायमची इजा झाली. पुढेमागे मुलाची दृष्टी पार जाईल, या भीतीने वडिलांना घेरले. आंधळ्या मुलाने पोट कसे भरावे? त्यांना एकच वाट दिसली. त्यांनी आपले बिऱ्हाड जवळच्या कास्तेयोन शहरी हलविले आणि मुलाला संगीत शिकावयास घातले. त्याचे पहिले दोन्ही शिक्षक अंध होते. ज्या भवितव्याला वडील भीत होते, ते त्या बालकाने गुरूंच्या रूपाने रोज समोर पाहिले. आणि अशा माणसांच्या हातूनही किती गोड सूर निघतात, हेही ऐकले.

१८६२ साली प्रसिद्ध वादक हुलियान आर्कास यांनी या मुलाचे वादन ऐकले व त्याला बार्सिलोना येथे पाठविण्याचा सल्ला दिला. वडिलांनी तो मानला, मात्र मुलाने पियानोही शिकला पाहिजे, अशी अट घातली. त्या काळी गिटार हे गाण्याच्या साथीचे वाद्य समजले जाई. मान होता तो पियानोला. मुलाचे मन मात्र गिटारवरच जडले होते. एकदा तर तो शिक्षण सोडून उपाहारगृहांतून वाजवीत फिरू लागला, आणि वडिलांना त्याला शोधून आणावे लागले. १८६९ साली तारेगा यांनी सेव्हिल येथे आंतोनियो तोरेस या थोर कारागिराने बनविलेली गिटार विकत घेतली. पुढे १८७४ मध्ये ते माद्रिदच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. पियानो त्यांना उत्तम येत होता; तरीही त्यांनी आयुष्य गिटारलाच वाहिले.

या वाद्याचे एक मोठे उणे होते. तार छेडली की सूर उमटतो आणि लगेच विरू लागतो. व्हायोलिनचा सूर गज फिरत असेतोवर टिकतो, गायकाचा सूर श्वास पुरेतोवर. गिटारला ना गज, ना श्वास. मग संथ, दीर्घ सुरांचे गीत तिच्यावर वाजवावे कसे? एकच स्वर बोटांनी झपाझप छेडून तो अखंड असल्याचा भास निर्माण करावयाचा, ही युक्ती वादकांना आधीपासून ठाऊक होती. तिला त्रेमोलो म्हणतात. तारेगा यांनी या युक्तीतून काव्य निर्माण केले.

ग्रानाडा शहरात अल्हंब्रा हा मूर राजांचा जुना राजवाडा आहे. त्याच्या चौकांतून व बागांतून कारंजी आहेत, पाणी खेळविलेले आहे. तो पाहून तारेगा यांनी १८९९ च्या सुमारास जी रचना केली, ती अल्हंब्राच्या आठवणी या नावाने विख्यात आहे. तिची लय आंदांते, म्हणजे सावकाश चालत जाणाऱ्या माणसाची. तीन मात्रांच्या प्रत्येक आवर्तनात अंगठा साथीचे सहा स्वर वाजवितो, आणि त्या प्रत्येक स्वरामागून अनामिका, मध्यमा व तर्जनी वरचा एकच स्वर ओळीने तीनदा छेडतात. एका आवर्तनात असे चोवीस आघात होतात! ही धांदल ऐकणाऱ्याला जाणवू नये, यातच सारे कसब आहे. बोटे धावतात, पण गीत चालते.

रचनेचा पूर्वार्ध मायनर स्वरावलीत आहे. आपल्याकडील भाषेत सांगावयाचे, तर त्यातील गंधार कोमल आहे. ओसाड महालातून एकटेच हिंडावे, तशी एक हुरहुर त्यात भरून राहिली आहे. उत्तरार्धात षड्ज तोच राहतो, लयही बदलत नाही; गंधार मात्र शुद्ध होतो आणि त्याबरोबर धैवतही. एवढ्या अल्पशा फरकाने ढगांआडून ऊन यावे, तसा सारा भाव उजळून निघतो. रचनेची समाप्तीही याच प्रसन्न स्वरांत होते. दुःख विसरले जात नाही, पण शांत होते.

त्यांच्या ग्रान व्हाल्स या दुसऱ्या एका रचनेतील इवलासा तुकडा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नोकिया कंपनीच्या भ्रमणध्वनीची घंटी म्हणून जगभर वाजू लागला. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना कर्त्याचे नावही ठाऊक नव्हते.

मोठ्या सभागृहापेक्षा स्नेह्यांच्या लहानशा बैठकीत वाजविणे तारेगा यांना अधिक प्रिय होते. सूर आणखी मृदू व्हावा म्हणून उतारवयात त्यांनी बोटांची नखे कापून टाकली व ते केवळ बोटांच्या अग्रांनी वाजवू लागले. यामुळे आवाज लहान झाला, हे खरेच. शिष्यांनाही हा मार्ग सारखाच पटला नाही. एमिलियो पुजोल यांनी तो स्वीकारला. मिगेल ल्योबेत नखांनीच वाजवीत राहिले.

जानेवारी १९०६ मध्ये तारेगा यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. चोवीस आघातांचा भार वाहणारा हात तोच होता. त्यांनी गिटार दूर ठेवली नाही. एखाद्या नवशिक्या मुलाप्रमाणे ते पुन्हा एकेक बोट हलवावयास शिकू लागले. पूर्वीचे सामर्थ्य परत आले नाही, तरी वादन व रचना सुरूच राहिल्या. १५ डिसेंबर १९०९ रोजी बार्सिलोना येथे त्यांचे देहावसान झाले. १९१५ साली त्यांचे अवशेष कास्तेयोन येथे नेण्यात आले.