बाटलीवरच्या गं. भा.

नव्या वर्षाचे बारा ठोके पडतात, लग्नात केक कापला जातो, नाहीतर कुणी मोटारशर्यत जिंकतं. फट्कन आवाज होतो, बूच उडतं, फेस उसळतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. शँपेन म्हटलं की आपल्यासमोर हेच चित्र येतं. पण फ्रान्समधल्या एका नामांकित शँपेनच्या बुचावर जी धातूची छोटी टोपी असते ना, ती कधीतरी नीट बघा. तिच्यावर एका वृद्ध बाईंचा चेहरा आहे. नटवी, हसरी तरुणी नाही, चांगली भरल्या अंगाची, करड्या नजरेची आजी. आणि बाटलीवर नाव आहे ‘व्हव क्लिको पोंसार्दँ’. यातलं ‘व्हव’ हे कुणाचं नाव नाही, गावही नाही. फ्रेंचमध्ये व्हव म्हणजे विधवा.

आपल्याकडच्या जुन्या पत्रांत, कागदपत्रांत बाईच्या नावाआधी ‘सौ.’ असायचं आणि नवरा गेला की त्याच नावाआधी ‘गं. भा.’ यायचं. गंगाभागीरथी. ऐकायला पवित्र, पण ती दोन अक्षरं लागली की हळदीकुंकवाची बोलावणी बंद, शुभकार्यात मागे उभं राहायचं. या फ्रेंच बाईंनी मात्र तोच शब्द आपल्या पेढीच्या पाटीवर लावला आणि युरोपभर नेला. हे कसं घडलं, ते बघण्यासारखं आहे.

फ्रान्सच्या ईशान्येला शँपेन प्रांतात रँस नावाचं शहर आहे. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक तिथल्या कॅथेड्रलमध्ये होत असे. या शहरात १६ डिसेंबर १७७७ रोजी बार्ब-निकोलचा जन्म झाला. वडील निकोला पोंसार्दँ कापडाचे मोठे कारखानदार. घरात पैसा होता, प्रतिष्ठा होती. ती अकरा वर्षांची असताना १७८९ ची राज्यक्रांती झाली आणि श्रीमंत घरं रातोरात धोक्यात आली. वडील हुशार. वारा बघून ते क्रांतिकारकांच्या बाजूला गेले आणि घर वाचलं. पुढे नेपोलियनच्या काळात हेच गृहस्थ रँसचे महापौर झाले आणि बॅरनही झाले! वादळात टिकून कसं राहायचं, याचा पहिला धडा मुलीला घरातच मिळाला असणार.

१७९८ मध्ये तिचं लग्न फ्रांस्वा क्लिकोशी झालं. क्रांतीनंतर चर्चच्या विधींवर बंधनं होती, म्हणून हा विवाह एका तळघरात गुपचूप लागला, असं सांगतात. क्लिको कुटुंबही कापडाच्या धंद्यातलंच. सासरे फिलिप यांनी १७७२ मध्ये जोडीला वाईनचा छोटा व्यापार सुरू केला होता. फ्रांस्वाला मात्र त्याच धंद्याचं वेड. नवरा-बायको मिळून द्राक्षमळे बघत, वाईन समजून घेत. १७९९ मध्ये त्यांना क्लेमांतीन ही मुलगी झाली. आणि १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये, थोड्याच दिवसांच्या तापानं, फ्रांस्वा गेला. धंदा नीट चालत नव्हता, त्यामुळे गावात आत्महत्येचीही कुजबुज झाली. बार्ब-निकोल तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि पदरात सहा वर्षांची पोर.

सासरे खचले. त्यांनी पेढी बंद करायचं ठरवलं. सुनेला खाण्यापिण्याची ददात नव्हती. माहेर भक्कम होतं, दुसरं लग्नही होऊ शकलं असतं. पण ती सासऱ्यांकडे गेली ती वेगळीच मागणी घेऊन. तिला पेढी चालवायची होती.

इथे फ्रान्सचा तेव्हाचा कायदा समजून घ्यायला हवा. १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेनुसार मुलगी वडिलांच्या ताब्यात आणि बायको नवऱ्याच्या. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला करार करता येत नसे. पण विधवा? ती कुणाच्याच ताब्यात नव्हती. मालमत्ता तिच्या नावावर राहू शकत होती, कागदावर तिची सही चालत होती. म्हणजे गंमत बघा, ज्या समाजानं बाईला चारही बाजूंनी बांधलं होतं, त्यानं एक दार उघडं ठेवलं होतं आणि त्या दारावर ‘विधवा’ असं लिहिलं होतं. बार्ब-निकोल त्या दारातून आत गेली. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. केलं असतं, तर ते दार तिच्या मागे बंद झालं असतं.

सासऱ्यांनी होकार दिला, पण अट घातली. अनुभवी माणूस बरोबर हवा. म्हणून आलेक्सांद्र फुर्नो या वाईन व्यापाऱ्याबरोबर चार वर्षांची भागीदारी झाली. ती वर्षं अतिशय वाईट गेली. नेपोलियनच्या लढाया चालू होत्या, समुद्रावर नाकेबंदी होती, बंदरं बंद होती. अ‍ॅमस्टरडॅमला पाठवलेला माल तिथेच अडकून खराब झाला. १८१० मध्ये भागीदारी संपली, फुर्नो बाजूला झाले. आता त्या एकट्या. पेढीला त्यांनी नाव दिलं ‘व्हव क्लिको पोंसार्दँ’. नवऱ्याचं आडनाव, वडिलांचं आडनाव आणि आधी स्वतःची ओळख, विधवा.

आता जरा शँपेन बनते कशी ते पाहू, कारण मादाम क्लिकोंचं खरं काम तिथेच आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की शँपेनचा शोध दों पेरिन्यों या संन्याशानं लावला. हे बेनेडिक्टाईन संन्यासी १६६८ पासून १७१५ पर्यंत ओव्हियेच्या मठात होते आणि तिथली कोठी आणि वाईन सांभाळत होते. वेगवेगळ्या मळ्यांतली द्राक्षं एकत्र करून उत्तम वाईन बनवण्यात त्यांचा हातखंडा होता. पण बुडबुडे त्यांनी शोधले नाहीत. उलट त्या काळी बुडबुडे हा वाईनमधला दोषच समजला जाई. शँपेन प्रांत थंड. हिवाळ्यात द्राक्षरसाचं आंबणं मधेच थांबायचं आणि वसंतात ऊब आली की बाटलीत पुन्हा सुरू व्हायचं. वायू कोंडायचा आणि बाटल्या फुटायच्या. एक फुटली की तिच्या धक्क्यानं शेजारचीही फुटे. तळघरातल्या कामगारांना तोंडावर जाळीचे मुखवटे घालावे लागत.

पुढे लोकांना हाच फेस आवडू लागला आणि तो मुद्दाम आणायची पद्धत बसली. साधी वाईन तयार झाली की बाटलीत भरताना तिच्यात साखर आणि यीस्ट घालायचं आणि बूच घट्ट बसवायचं. बाटलीत दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया होते. वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाईनमध्येच विरघळतो. बाटलीच्या आतला दाब हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट होतो! पण काम झालं की यीस्ट मरतं आणि त्याचा गाळ बाटलीत राहतो. वाईन गढूळ दिसते. गढूळ वाईनला शंभर रुपयेही कोण देईल? गाळ काढायचा तर वाईन दुसऱ्या बाटलीत ओतावी लागे. त्यात वायू निसटे, वाईन वाया जाई, वेळ तर विचारूच नका.

मादाम क्लिकोंनी यावर १८१६ च्या सुमारास उपाय काढला. स्वयंपाकघरातलं टेबल तळघरात नेऊन त्याला छिद्रं पाडायला लावली, असं सांगतात. त्या छिद्रांत बाटल्या उलट्या, मान खाली करून ठेवायच्या. रोज प्रत्येक बाटली थोडी हलवायची, थोडी फिरवायची. सहा-आठ आठवड्यांत सगळा गाळ हळूहळू घसरत बुचापाशी येतो. मग बूच काढलं की आतल्या दाबानंच गाळ बाहेर फेकला जातो. जेवढी वाईन सांडली तेवढी साखर घातलेली वाईन भरायची आणि नवं बूच ठोकायचं. झाली काचेसारखी स्वच्छ शँपेन! या कामात त्यांचे तळघरप्रमुख आंत्वान म्युलर यांचा मोठा वाटा होता. छिद्रं तिरपी पाडायची सुधारणा त्यांचीच मानतात. आणि अंधाऱ्या, गार तळघरात दिवसभर हजारो बाटल्या फिरवणारे जे हात होते, त्यांची नावं कुठल्याच लेबलवर नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं.

गंमत म्हणजे यीस्ट नेमकं काय करतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते लुई पाश्चर यांनी दाखवलं, पण त्याला अजून चाळीसेक वर्षं होती. मादाम क्लिकोंनी काम केलं ते डोळ्यांनी बघून आणि पुन्हा पुन्हा करून.

पण या टेबलाच्या दोन वर्षं आधी एक प्रसंग घडला होता आणि तो चुकला असता तर टेबलापर्यंत गोष्ट आलीच नसती. १८११ मध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि त्या वर्षी द्राक्षाचं पीक अप्रतिम आलं. त्या वाईनच्या बाटल्या तळघरात होत्या, पण गिऱ्हाईक नव्हतं. १८१४ मध्ये नेपोलियन हरला आणि रँसमध्ये रशियन, प्रशियन सैन्य शिरलं. सगळ्या व्यापाऱ्यांच्या मनात एकच गणित होतं. रशियाची बाजारपेठ उघडणार, पण परवानगी मिळाल्यावर. मादाम क्लिको परवानगीसाठी थांबल्या नाहीत. लुई बोन हा त्यांचा विश्वासू फिरता विक्रेता. त्याच्याबरोबर १८१४ च्या जूनमध्ये त्यांनी एका डच जहाजातून १०,५५० बाटल्या गुपचूप रवाना केल्या. कुणाला सुगावा लागू दिला नाही. जहाज पकडलं गेलं असतं, उन्हाळ्यात माल फुटला असता, बंदी उठलीच नसती, तर पेढी तिथेच संपली असती. जुलैच्या सुरुवातीला जहाज क्योनिग्सबर्गला, म्हणजे आजच्या कालिनिनग्रादला, सुखरूप पोचलं. बाटल्या शाबूत होत्या. दुसऱ्या व्यापाऱ्यांची जहाजं निघायच्या आत क्लिकोंच्या मालावर गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. लगोलग दुसरी खेप सेंट पीटर्सबर्गला गेली. रशियात हे नाव असं काही बसलं की पुढची कित्येक वर्षं तीच त्यांची मोठी बाजारपेठ राहिली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. त्यांनी बँकेच्या धंद्यातही हात घातला आणि १८२० च्या दशकाच्या शेवटी तो चांगलाच अंगाशी आला. एदुआर वेर्ले या तरुण जर्मन कर्मचाऱ्याच्या तत्परतेमुळे पेढी वाचली. १८३१ मध्ये त्यांनी त्याला भागीदार केलं आणि १८४१ मध्ये कारभार त्याच्यावर सोपवून त्या निवृत्त झाल्या. स्वतःच्या मुलीला मात्र त्यांनी धंद्यात आणलं नाही. क्लेमांतीनचं लग्न एका काउंटशी लावून दिलं. हे मला खटकतं, खरं सांगते. ज्या बाईनं एवढं मोठं दार उघडलं, तिनं ते मुलीसाठी उघडं ठेवलं नाही. पण क्लेमांतीनचा नवरा हयात होता. कायद्यापुढे ती बायको होती, विधवा नव्हती. आईला हा फरक आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असणार.

२९ जुलै १८६६ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, बुर्सोच्या वाड्यात मादाम क्लिको वारल्या. २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात ओलांद बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजात पाणबुड्यांना १६८ शँपेनच्या बाटल्या सापडल्या. बुचांवरच्या खुणेवरून त्यातल्या काही क्लिकोंच्या निघाल्या. तपासणीत एका लिटरमध्ये सुमारे १५० ग्रॅम साखर आढळली. आजच्या ‘ब्रूट’ शँपेनमध्ये ती १२ ग्रॅमच्या आत असते! त्या काळची गोडाची आवड बाटलीत तशीच बंद राहिली होती.

आज बाटल्या फिरवायचं काम बहुतेक ठिकाणी यंत्रं करतात आणि गाळ काढण्याआधी बाटलीची मान गोठवतात. पण मान खाली करून गाळ बुचाशी आणायची रीत तीच आहे. आपल्या नाशिक भागातही बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून स्पार्कलिंग वाईन करतात, तेव्हा गाळ याच रीतीनं निघतो. आपण वाईन प्यावी की न प्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. हा लेख त्यासाठी नाही.

आपल्या घरातल्या जुन्या पेटीत एखादं पत्र सापडलं आणि त्यावर ‘गं. भा.’ अशी दोन अक्षरं दिसली, तर पुढचं नाव जरूर वाचा. त्या बाईला काय करता आलं असतं, तेही एकदा घरातल्या मोठ्यांना विचारा.