दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी १९०५ – १९८६) हे भारतीय गणितज्ञ व शिक्षक होते. संख्या सिद्धांतातील ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक', तसेच कापरेकर संख्या, हर्षद संख्या, स्वयंभू संख्या आणि डेम्लो संख्या यांसाठी ते ओळखले जातात. महाराष्ट्रात ते गणितानंद या नावानेही परिचित आहेत. गणितातील पदव्युत्तर शिक्षण नसताना आणि कोणत्याही संशोधन संस्थेत पद नसताना त्यांनी शाळेतील नोकरी सांभाळून हे संशोधन केले. त्यांनी छंद म्हणून शोधलेल्या संख्या पुढे जगभरातील संगणकप्रेमींच्या छंदाचा विषय झाल्या.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

कापरेकर यांचा जन्म डहाणू येथे झाला. त्यांचे वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाची आवड होती. कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. वडिलांच्या ज्योतिषामुळे आकडेमोडीशी त्यांचा लहानपणीच परिचय झाला व संख्यांची कोडी सोडवण्याची गोडी लागली. माध्यमिक शिक्षण ठाणे येथे घेतल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे शिकत असताना १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र लेखनासाठी रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाची विज्ञान शाखेची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले.

अध्यापन

१९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत कापरेकर यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक म्हणून काम केले. शाळेच्या वेळेबाहेर ते संख्यांवर काम करीत. त्यांची साधने कागद व पेन्सिल एवढीच होती. आसपासच्या महाविद्यालयांत त्यांना व्याख्यानांसाठी बोलावले जाई.

संशोधन

कापरेकर स्थिरांक : ६१७४ या संख्येचा गुणधर्म कापरेकर यांना १९४६ साली आढळला. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उत्तर तीन अंकी आल्यास आरंभी शून्य धरून चार अंक पूर्ण करावेत. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. पुढे ७६४१ मधून १४६७ वजा केल्यास पुन्हा ६१७४ च मिळते.

कापरेकर यांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास अनुक्रमे ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ ही उत्तरे मिळतात, म्हणजे बरोबर सात पायऱ्या लागतात. पहिल्या वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर अवलंबून असते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने व दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की ते उत्तर मिळते. या फरकांच्या केवळ ५४ जोड्या संभवतात. त्यामुळे हजारो संख्यांविषयीचे हे विधान यंत्राशिवाय, हाताने पडताळता येते. तीन अंकी संख्यांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. पाच अंकी संख्यांना मात्र असा स्थिरांक नाही.

कापरेकर संख्या : ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केल्यास मूळ संख्या मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. उदाहरणार्थ, २९७ चा वर्ग ८८२०९ असून ८८ आणि २०९ यांची बेरीज २९७ येते. ४५, ५५, ७०३ आणि १४२८५७ याही कापरेकर संख्या आहेत.

हर्षद संख्या : स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी संख्या, म्हणजे आनंद देणारी संख्या. रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ ही हर्षद संख्या आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ असून १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९ होतात.

स्वयंभू संख्या : एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. २३ मध्ये ५ मिळवून २८ येतात, म्हणून २३ ही २८ ची जनक संख्या होय. १०१ ला ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. २०, ३१, ४२ यांसारख्या ज्या संख्यांना जनकच नसतो, त्या स्वयंभू संख्या होत. त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. या विषयावरील कापरेकर यांची पुस्तिका १९६३ साली देवळाली येथून प्रसिद्ध झाली.

डेम्लो संख्या : १, ११, १११ अशा संख्यांच्या वर्गांतून मिळणाऱ्या १, १२१, १२३२१ या संख्यांना त्यांनी अद्भुत डेम्लो संख्या म्हटले. डेम्लो या नावाचा संबंध डोंबिवली रेल्वे स्थानकाशी जोडला जातो.

उपेक्षा आणि मान्यता

भारतातील अनेक गणितज्ञांनी आरंभी या कामाची गंभीर दखल घेतली नाही. संख्यांचे असे बरेच गुणधर्म दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून असतात. पद्धत बदलली की ते बदलतात, म्हणून त्यांना मनोरंजनापलीकडे महत्त्व दिले जात नसे. कापरेकर यांचे लेखन त्यामुळे मुख्यतः फारशी प्रतिष्ठा नसलेल्या नियतकालिकांत किंवा खाजगी पुस्तिकांत छापले गेले. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने उतारवयात त्यांना गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. या काळातही त्यांनी संख्यांचा अभ्यास सोडला नाही.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या गणितविषयक सदरात कापरेकर यांच्या कामाची ओळख करून दिली. त्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय ७० वर्षांचे होते. १९८६ साली देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

संगणकप्रेमींमधील स्थान

कापरेकर यांचे नियम मोजक्या शब्दांत सांगता येतात व त्यांतील पायऱ्या निश्चित असतात. त्यामुळे आज्ञावली लिहायला शिकणाऱ्यांसाठी ६१७४ चा शोध हा लोकप्रिय सराव ठरला आहे. संगणकाच्या साहाय्याने हौशी अभ्यासक अधिक अंकांच्या संख्या व दशमानाखेरीज इतर पद्धती तपासतात. कापरेकर, हर्षद आणि स्वयंभू या तिन्ही प्रकारच्या संख्यांचा समावेश नील स्लोन यांनी सुरू केलेल्या पूर्णांक क्रमिकांच्या ऑनलाइन विश्वकोशात आहे. २००० साली डग्लस इयानुची यांनी कापरेकर संख्यांचा संबंध ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या विशिष्ट विभाजकांशी असल्याचे सिद्ध केले. केवळ गंमत मानल्या गेलेल्या या संख्यांमागील रचना त्यातून स्पष्ट झाली.